संशोधन खर्च आणि महाविद्यालयीन शुल्क

विद्यापीठे व महाविद्यालये संशोधनावर जो खर्च करतात, त्यातला किती विद्यार्थ्यांच्या शुल्कात उतरतो, हा उच्च शिक्षणाच्या अर्थकारणातला जुना वाद. तो रंगला मुख्यतः अमेरिकेत. तेथील विद्यापीठांनी २०२३ या आर्थिक वर्षात संशोधनावर सुमारे १०९ अब्ज डॉलर खर्च केले. त्यांतले साधारण ५५ टक्के केंद्र सरकारचे आणि २५ टक्के विद्यापीठांच्या स्वतःच्या पैशातले होते. भांडण आहे ते या २५ टक्क्यांवरून, कारण स्वतःच्या पैशात शुल्काचाही पैसा येतो. अमेरिकी अर्थतज्ज्ञ हॉवर्ड बोवेन यांनी १९८० मध्ये मांडले होते, की विद्यापीठे जमेल तेवढा पैसा उभा करतात आणि उभा केलेला सगळा खर्चून टाकतात. तरी सरकारी विद्यापीठांच्या शुल्कवाढीचे एक मोठे कारण म्हणून राज्य सरकारांनी आखडता घेतलेला हातच दाखवला जातो.

हा वाद जसाच्या तसा सातारा-सांगलीत आणता येत नाही. भारताचा संशोधन व विकासावरचा एकूण खर्च २०२०-२१ मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपी) ०.६४ टक्के होता, आणि त्यात उच्च शिक्षणाचा वाटा ९ टक्क्यांहूनही कमी. या दोन जिल्ह्यांतली बहुतेक महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी (१९६२) संलग्न आहेत. प्रयोगशाळेत महागडे उपकरण आलेच, तर बहुधा केंद्राच्या एखाद्या योजनेतून येते. संशोधनाचा खर्च शुल्कात शिरतो तो पगाराच्या वाटेने.

सांगलीचे विलिंग्डन (१९१९) किंवा साताऱ्याचे छत्रपती शिवाजी कॉलेज (१९४७) यांसारख्या महाविद्यालयांत अनुदानित पदांचा पगार शासन देते, प्राध्यापक पीएच.डी. झाले म्हणून बी.एस्सी.च्या मुलाची फी वाढत नाही. अनेकदा त्याच आवारात बी.सी.ए.ची तुकडी विनाअनुदानित असते, आणि तिथे सगळा पगार फीमधूनच निघतो. विनाअनुदानित व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क २०१५ च्या राज्य कायद्यानुसार शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. त्याचा आधार म्हणजे लेखापरीक्षित खर्च, तो भागिले विद्यार्थिसंख्या. शिक्षणसंस्थांच्या राष्ट्रीय मानांकनात (एनआयआरएफ) अभियांत्रिकीच्या १०० पैकी ३० गुण संशोधनाला आहेत. त्या गुणांसाठी पीएच.डी.धारक नेमले, नियतकालिके घेतली, की वर्ष-दोन वर्षांनी तो आकडा फीमध्ये येऊन बसतो.

दुसरा भार रुपयांत मोजला जात नाही. सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास शिकवावे, असा नियम आहे. प्रकल्प, शोधनिबंध आणि मूल्यांकनाच्या फायली या तासांनाच खेटून उभ्या राहतात. शिवाय पदे रिक्त असली की वर्ग तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे ‘सीएचबी’च्या शिक्षकाकडे जातो. फीची पावती तीच राहते, समोर उभा माणूस बदलतो.

साताऱ्याने फीचा प्रश्न फार आधी दुसऱ्या टोकाने हाताळला होता. १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ‘कमवा आणि शिका’ ही वाट दिली. आज रयतच्याच तीन महाविद्यालयांच्या समूहातून साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ उभे आहे, आणि विद्यापीठ म्हटले की संशोधन टाळता येत नाही.

फी भरणारा हातही बदलतो आहे. २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास व इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क शासन पूर्ण भरते. त्याच घरातल्या मुलाला मात्र निम्मीच सवलत मिळते.