९.४ सेकंद म्हणजे नेमके किती?

३१ मे १९०२. न्यूयॉर्कमध्ये अमेरिकेतल्या कॉलेजांची आंतरमहाविद्यालयीन मैदानी स्पर्धा चालू होती. जॉर्जटाउन विद्यापीठाचा आर्थर डफी १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर, धावला आणि वेळ जाहीर झाली: ९ पूर्णांक ३/५ सेकंद. दशांशात ९.६. तोवर या अंतराची अधिकृत नोंद ९.८ होती आणि ती डफीच्याच कॉलेजातून पुढे आलेल्या बर्नी वेफर्सने गाठलेली होती. तीन वर्षांनी, १९०५ मध्ये, आपण धावण्याचे पैसे घेतले होते असे डफीने उघड केले आणि हौशी खेळाच्या नियमावर बोट ठेवून संघटनेने त्याचे सगळे विक्रम पुस्तकातून काढून टाकले. मला हा निर्णय आजही पटत नाही. धावणाऱ्याने पैसे घेतले आहेत की नाहीत, हे घड्याळाला कळत नाही. त्याने धावायला घेतलेला वेळ तेवढाच राहतो.

पण तो वेळ नेमका केवढा होता? जुने विक्रम वाचताना हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

‘३/५’ ही नोंद आपल्याला विचित्र वाटते, पण ती त्या काळच्या स्टॉपवॉचमधून आली आहे. हातात धरायच्या त्या घड्याळाचा काटा सेकंदात पाच ठोके घेत पुढे सरके. एक ठोका म्हणजे ०.२ सेकंद. दोन ठोक्यांच्या मधली वेळ दाखवायची सोयच नव्हती. डफीसारखा धावपटू तेवढ्या वेळात जवळजवळ दोन मीटर अंतर कापतो. म्हणजे ९.८ चा विक्रम मोडायचा तर ९.७ करून भागत नसे, थेट ९.६ च करावे लागे. एखादा मुलगा खरोखर एक मीटर पुढे राहील इतक्या वेगाने धावला असेल आणि तरीही कागदावर बरोबरीतच राहिला असेल. अशी किती मुले त्या काळात होऊन गेली असतील! पुढे दशांश सेकंद दाखवणारी घड्याळे आली आणि ही पायरी निम्म्यावर आली. ती नाहीशी मात्र झाली नाही.

घड्याळाच्या जोडीला अंगठाही लक्षात घ्यायला हवा. वेळ घेणारा माणूस शेवटच्या रेषेपाशी उभा असतो आणि पिस्तूल त्याच्यापासून ९१ मीटर दूर वाजते. आवाज तेवढे अंतर यायला पाव सेकंदाहून थोडा जास्त वेळ घेतो. म्हणून वेळाधिकाऱ्याने आवाजाची वाट न पाहता पिस्तुलाचा धूर पाहून बटण दाबायचे, हा नियम अगदी शास्त्रशुद्ध आहे. पण धूर दिसल्यावरही मेंदूतून अंगठ्यापर्यंत आज्ञा पोचायला साधारण ०.२ सेकंद जातात आणि घड्याळ तेवढे उशिरा सुरू होते. शर्यत संपताना तोच उशीर झाला असता तर हिशेब जुळला असता. तसे होत नाही, कारण धावपटू जवळ येताना डोळ्यांना दिसत असतो. अंगठा आधीच सज्ज होतो आणि घड्याळ जवळजवळ वेळेवर थांबते. त्यामुळे हाताने घेतलेली वेळ खऱ्या वेळेपेक्षा कमी भरते. तुलना करताना १०० आणि २०० मीटरच्या हातघड्याळी वेळेत ०.२४ सेकंद मिळवायचे असा पुढे प्रघात पडला.

हा फरक डोळ्यांनी पाहायची संधी १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये मिळाली. १०० मीटरच्या अंतिम शर्यतीत दोन कॉलेजवीर जवळजवळ एकत्रच रेषेवर पोचले. मिशिगन विद्यापीठाचा एडी टोलन आणि मार्क्वेट विद्यापीठाचा राल्फ मेटकाफ. दोघांनाही हातघड्याळाने १०.३ सेकंद दिले. त्या स्पर्धेत वेळेशी जोडलेला कॅमेराही बसवलेला होता आणि त्याच्या फिल्मवर वेळ निघाली १०.३८. सुवर्णपदक टोलनला मिळाले. अधिकृत वेळ मात्र अंगठ्याचीच धरली गेली आणि ती पद्धत पुढे कित्येक दशके चालू राहिली. ४०० मीटरपर्यंतच्या जागतिक विक्रमांना स्वयंचलित वेळ सक्तीची झाली ती थेट १९७७ मध्ये.

हे सगळे ध्यानात ठेवून आता थोडे मागे जाऊ. कॉलेजांच्या मैदानी स्पर्धांची सुरुवात इंग्लंडमध्ये १८६४ साली ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांच्या लढतीने झाली. अमेरिकेत १८७० च्या दशकात साराटोगाला कॉलेजांच्या नौकाशर्यती होत, त्यांच्या जोडीला धावण्याच्या शर्यती सुरू झाल्या. सगळ्या देशातल्या कॉलेजांचे मोठे अजिंक्यपद १९२१ मध्ये शिकागोत सुरू झाले. या साठ वर्षांत विक्रम भराभर सुधारले. माणसाचे स्नायू एवढ्या काळात बदलत नाहीत, बदलली ती त्यांना कामाला लावायची रीत.

सुरुवातीचेच पाहा. पूर्वी धावपटू उभ्यानेच सुटत. शरीराचा गुरुत्वमध्य पायांच्या जवळजवळ वर असतो, त्यामुळे पायाने दिलेला रेटा बराचसा शरीर उचलण्यातच जातो. १८८८ मध्ये येल विद्यापीठाच्या चार्ल्स शेरिलने आपले प्रशिक्षक माइक मर्फी यांच्या सांगण्यावरून हात जमिनीला टेकवून, वाकून सुरुवात केली. अमेरिकेत या पद्धतीचे श्रेय याच जोडीला देतात. वाकल्यावर गुरुत्वमध्य पायांच्या पुढे जातो. आता पाय मागे ढकलतात तेव्हा जोर पुढच्या दिशेने लागतो आणि पहिल्या काही पावलांत वेग झपाट्याने वाढतो. १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमधल्या १०० मीटर शर्यतीचे जे छायाचित्र सगळीकडे छापले जाते, त्यात बोस्टन विद्यापीठाचा टॉमस बर्क हात टेकवून बसलेला ओळखू येतो. १०० आणि ४०० मीटर या दोन्ही शर्यती त्यानेच जिंकल्या.

वाकून बसायचे तर पायाला आधार हवा. तेव्हाचे ट्रॅक कोळशाच्या जळक्या खडीचे, म्हणजे सिंडरचे. धावपटू छोटे खुरपे घेऊन येत आणि आपापल्या पायांच्या मापाचे दोन खड्डे खणत. मग १९२० च्या दशकाच्या अखेरीस आयोवा विद्यापीठाचे प्रशिक्षक जॉर्ज ब्रेस्नहन यांनी स्टार्टिंग ब्लॉक, म्हणजे सुटताना पाय टेकवायचे ठोकळे, तयार केले. ओहायो स्टेटच्या जॉर्ज सिम्पसनने १९२९ मध्ये ब्लॉक वापरून १०० यार्ड ९.४ सेकंदांत पार केले. आंतरराष्ट्रीय संघटनेने विक्रम नाकारला, कारण ब्लॉक म्हणजे बाहेरची मदत. पुढच्याच वर्षी सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या फ्रँक वायकॉफने खड्ड्यातून सुरुवात करून तेवढीच वेळ दिली, ती मान्य झाली. ब्लॉकला परवानगी मिळाली १९३७ मध्ये. ब्लॉकचा फायदा शंभराव्या हिश्शांत मोजावा एवढाच आहे आणि त्या वेळची घड्याळे तर दशांशावर थांबत. ज्या उपकरणाचा परिणाम घड्याळाला टिपताच येत नव्हता, त्यासाठी सिम्पसनचे नाव पुसले गेले.

अडथळ्यांच्या शर्यतीत क्रांती केली ती पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात दंतवैद्यक शिकणाऱ्या अल्विन क्रान्झलाइनने. त्याच्या आधी बरेच जण अडथळ्यावरून उडी मारत. क्रान्झलाइनने पुढचा पाय सरळ ताणून अडथळ्यावरून पाऊल टाकावे तसा टाकायला सुरुवात केली. गुरुत्वमध्य ३० सेंटिमीटर वर गेला तर शरीर सुमारे अर्धा सेकंद हवेत राहते, १० सेंटिमीटरच गेला तर सुमारे ०.२९ सेकंद. हवेत असताना पाय जमिनीला रेटू शकत नाहीत, म्हणून हा वेळ जेवढा कमी तेवढे बरे. आणि अडथळे दहा असतात! १८९८ मध्ये त्याने २२० यार्ड अडथळे २३.६ सेकंदांत पार केले. हा विक्रम मोडायला वीस वर्षांहून अधिक काळ जावा लागला. आजही जगातला प्रत्येक अडथळापटू पुढचा पाय तसाच टाकतो.

१९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये क्रान्झलाइनने चार वैयक्तिक सुवर्णपदके मिळवली. त्यातल्या २०० मीटर अडथळ्यांत त्याच्या मागे दुसरा आला कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजचा नॉर्मन प्रिचर्ड. लांब उडीत सिरॅक्यूज विद्यापीठाच्या मायर प्रिन्स्टाइनने शनिवारी ७.१७५ मीटर उडी मारली होती. अंतिम फेरी रविवारी होती आणि त्याच्या विद्यापीठाने रविवारी खेळायला मनाई केली. क्रान्झलाइन रविवारी उतरला आणि ७.१८५ मीटरवर पोचला. एका सेंटिमीटरने पदक फिरले.

मोजमापाच्या नजरेने पाहिले तर हा सेंटिमीटर घड्याळाच्या ठोक्यापेक्षा कितीतरी विश्वासार्ह आहे. ताणलेली फीत, वाळूतली खूण, जिथून उडी घ्यायची त्या तक्त्याची कड. इथे अंगठ्याचा उशीर नाही. म्हणून जुन्या कॉलेजवीरांमध्ये आजच्या खेळाडूंशी सरळ तुलना करायची असेल, तर ती उड्यांचीच करावी असे मला वाटते.

आणि तशी तुलना करायला २५ मे १९३५ सारखा दुसरा दिवस नाही. मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बर इथे ‘बिग टेन’ नावाच्या कॉलेजांच्या गटाची स्पर्धा होती. ओहायो स्टेटचा जेसी ओवेन्स काही दिवसांपूर्वी मित्राशी मस्ती करताना जिन्यावरून पडला होता, पाठ इतकी दुखत होती की तो उतरेल की नाही याचीच शंका होती. उतरला, आणि पाऊण तासात १०० यार्डच्या ९.४ च्या विक्रमाशी बरोबरी केली, लांब उडी ८.१३ मीटर मारली, २२० यार्ड २०.३ सेकंदांत आणि २२० यार्ड अडथळे २२.६ सेकंदांत संपवले. हा मुलगा शिष्यवृत्तीवर शिकत नव्हता. कृष्णवर्णीय म्हणून त्याला विद्यापीठाच्या वसतिगृहात जागा नव्हती आणि खर्च भागवायला तो राज्याच्या विधानभवनात लिफ्ट चालवायचा.

या चार आकड्यांचे वजन सारखे नाही. ९.४ मध्ये ०.२४ मिळवले की ९.६४ होतात. २२० यार्डची शर्यत सरळ ट्रॅकवर होती. आजची २०० मीटर शर्यत निम्म्याहून अधिक वळणावर धावतात. सेकंदाला जवळजवळ १० मीटर वेगाने वळायचे, तर शरीराच्या वजनाच्या सुमारे चौथ्या हिश्शाइतका जोर केवळ दिशा बदलण्यासाठी आत लावावा लागतो आणि त्यात ०.३ ते ०.४ सेकंद जातात. २०.३ कडे पाहताना हे विसरून चालत नाही. दुसरीकडे, पायाखाली भुसभुशीत सिंडर होते, ब्लॉक नव्हते. त्याचे उलटे गुण ओवेन्सला द्यायला हवेत, पण किती द्यायचे हे कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

लांब उडीत एवढी वजाबाकी-बेरीज लागत नाही. आधीचा ७.९८ मीटरचा विक्रम जपानच्या वासेदा विद्यापीठात घडलेल्या चुहेई नाम्बूचा होता. ओवेन्सने तेवढ्या अंतरावर वाळूच्या खड्ड्याशेजारी हातरुमाल ठेवला असे सांगतात. त्या दिवशी त्याने उडी एकच मारली. नोंदीत पाठीमागून येणारा वारा सेकंदाला १.५ मीटर आहे, म्हणजे पुढे ठरलेल्या २ मीटरच्या मर्यादेच्या आतच.

लांब उडी म्हणजे मुळात वेगाचाच खेळ. पुस्तकी गणित म्हणते की फेकलेली वस्तू ४५ अंशांत सर्वांत दूर जाते. पण माणूस पूर्ण वेगाने धावत येऊन ४५ अंशांत वर जाऊच शकत नाही. तेवढे वर जायचे तर धावण्याचा वेग बराच मारावा लागेल. प्रत्यक्षात चांगले खेळाडू साधारण २० अंशांच्या आसपास उडतात आणि सुमारे ०.८ सेकंद हवेत असतात. त्या ०.८ सेकंदात किती पुढे जायचे ते तक्त्यावरच्या वेगाने ठरते. त्याच दुपारी १०० यार्डच्या विक्रमाशी बरोबरी करणारे पाय तक्त्यावर किती वेगाने आदळले असतील, याचा अंदाज करता येतो. म्हणूनच ही उडी ओवेन्सच्या धावण्याचाही सर्वांत चोख पुरावा आहे असे मी मानतो. घड्याळाने जे धूसर नोंदवले ते वाळूने स्वच्छ नोंदवले.

या इतिहासात मुलींची नावे फार कमी सापडतात, कारण त्यांच्यासाठी मैदानेच उघडली नव्हती. व्हॅसर कॉलेजने १८९५ मध्ये मुलींचा क्रीडादिन भरवला, टस्किगी संस्थेतून अ‍ॅलिस कोचमन घडली आणि १९४८ मध्ये उंच उडीची ऑलिंपिक विजेती झाली. पण अमेरिकन कॉलेजांच्या मुख्य संघटनेने मुलींचे अजिंक्यपद सुरू केले ते १९८२ मध्ये, मुलांच्या तब्बल ६१ वर्षांनंतर. त्या काळात किती वेग कुणी मोजलाच नाही, याचा विचार केला की हळहळ वाटते.

८.१३ मीटरचा विक्रम मोडला टेनेसी राज्यातल्या कॉलेजच्या राल्फ बोस्टनने, १२ ऑगस्ट १९६० रोजी ८.२१ मीटर उडी मारून. पंचवीस वर्षांहून अधिक काळ तो टिकला. आपल्याकडे टी. सी. योहाननने १९७४ च्या तेहरान आशियाई स्पर्धेत ८.०७ मीटर उडी मारली, तेव्हा देशभर कौतुक झाले आणि तो राष्ट्रीय विक्रम २००४ पर्यंत कुणाला मोडता आला नाही. ओवेन्सने सिंडरवरून धावत येऊन गाठलेल्या ८.१३ मीटरच्या पलीकडे पहिला भारतीय, अंकित शर्मा, पोचला तो कृत्रिम धावपट्टीवरून, २०१६ मध्ये.