नाव विकणाऱ्याचा परवाना कुठे असतो?

वैनगंगेकाठच्या पवनीच्या बाजारात मासेमारीच्या जाळ्यांचे एक दुकान आहे. नायलॉनचे जाळे तिथे किलोवर मिळते, दोर मीटरवर, आणि मागच्या अंगणात फायबरच्या दोन-तीन डोंग्या, म्हणजे छोट्या अरुंद नावा, पालथ्या पडलेल्या असतात. शेजारी कृषी केंद्र. त्याच्या भिंतीवर बियाण्यांचा, खतांचा, कीटकनाशकांचा असे कागद रांगेने टांगलेले. जाळेवाल्याकडे गुमास्ता, म्हणजे दुकानाची नोंदणी, आणि जीएसटीचा नंबर, एवढेच. मोटारसायकल विकणाऱ्यालाही आरटीओचे ट्रेड सर्टिफिकेट लागते. नाव विकायला मात्र वेगळा परवाना लागत नाही. हे असे का, याचे उत्तर थोडे मागे जाऊन शोधावे लागते.

पूर्व विदर्भ मध्य प्रांतात होता तेव्हा सरकारचे लक्ष नावेपेक्षा घाटावर होते. १८७८ च्या उत्तर हिंदुस्थान फेरी कायद्याने सार्वजनिक उताराची, म्हणजे नावेने नदीपार नेण्याची, वसुली लिलावाने देता येऊ लागली आणि अशा घाटापासून दोन मैलांच्या आत दुसऱ्याने परवानगीशिवाय उतार चालवायला बंदी आली. डोंगा कुणी कोरला, कुणी विकला, याची चौकशी नव्हती. ती झालीच तर लाकडापुरती. खोड कुठून आणले, वाहतूक पास आहे का, हे जंगलखाते विचारी. गावच्या सुताराला कायद्याची ओळख झाली ती अशी, नदीवरून नव्हे, नाक्यावरून.

‘व्यापारी’ हा शब्द आला करातून. १९४७ च्या मध्य प्रांत व वऱ्हाड विक्रीकर कायद्यात त्याची व्याख्या होती. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला, मग १९५९ चा मुंबई विक्रीकर कायदा आला, २००५ पासून व्हॅट. नाव विकणारा या सगळ्यांत होता तो कर भरणारा म्हणून.

खरा गुंता १ जुलै २०१७ नंतरचा. जीएसटीच्या यादीत मासेमारीची नौका ८९०२ या शीर्षात, दर ५ टक्के. लगेच पुढच्या ८९०३ मध्ये हौशीच्या आणि खेळाच्या नौका, आणि त्यांच्याच पंगतीला वल्ह्याची होडी नि कनू (निमुळती छोटी नाव), दर तेव्हा २८ टक्के. आता डोंगा म्हणजे इंग्रजी कोशात काय, तर कनूच. ढिवराच्या, म्हणजे इथल्या मासेमाराच्या, पोटापाण्याचे साधन आणि श्रीमंताचा यॉट एका ओळीत बसवणाऱ्याने वैनगंगा पाहिली नसावी, असे म्हटल्यावाचून राहवत नाही. साचा एकच, फायबर एकच. तीच डोंगी मामा (माजी मालगुजारी) तलावावर मासे धरायला गेली तर ८९०२, रिसॉर्टच्या तळ्यात गेली तर ८९०३. समजा किंमत ४०,००० रुपये. तेव्हाच्या दराने एका कोडने कर २,०००, दुसऱ्याने ११,२००. ठरवायचे कुणी? कागदावर विक्रेत्याने, आणि चुकले तर निस्तरायचेही त्यानेच.

इंजिनाचे आणखी वेगळे. मासेमारी नौकेचा भाग म्हणून विकलेल्या सागरी इंजिनावर ५ टक्केच, असा खुलासा ९ ऑगस्ट २०१८ च्या परिपत्रकात आला. त्यात दिलेला कोड मात्र डिझेल इंजिनाचा होता. आपल्याकडे जलाशयावर मागे लटकवायचे ते पेट्रोलचे छोटे इंजिन. त्याचा कोड वेगळा, म्हणून विक्रेत्याची धाकधूक कायम. २२ सप्टेंबर २०२५ पासून दरांची फेरमांडणी झाली तेव्हा हौशीच्या नौका ४० टक्क्यांत गेल्या, वल्ह्याची होडी नि कनू १८ वर आल्या, मासेमारीची नाव ५ वरच राहिली. हौशीच्या नौकेपुरती दरी त्यामुळे वाढलीच.

विक्रेत्याच्या याच बिलाला आणखी एक वजन आले. २०२० पासूनच्या केंद्राच्या मत्स्य योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के, अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना ६० टक्के अनुदान. अनुदानाच्या फायलीला पक्के बिल लागते, म्हणून मच्छीमार संस्था जीएसटीवाल्याच दुकानात जाते. गावात लाकडी फळ्यांची नाव बांधणारा सुतार तिथेच बाद होतो. परवाना न काढता झालेले हे नियमन आहे आणि माझ्या मते सगळ्यांत परिणामकारकही.

सुरक्षेचे कायदे दुसऱ्याच वाटेने आले. १९८१ चा सागरी मासेमारी कायदा किनाऱ्यापुरता. १९१७ चा अंतर्देशीय कायदा यंत्राने चालणाऱ्या नौकांचा. त्याच्या जागी २०२१ मध्ये नवा आला. यांत्रिक नौकेची नोंदणी, तपासणी, विमा ही सगळी जबाबदारी त्याने मालकावर आणि चालवणाऱ्यावर टाकली. बिनयंत्राच्या नावांची नोंद तालुका किंवा पंचायत पातळीवर घेण्याची सोयही त्यात आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात वरुड तालुक्यात झुंजला वर्धा नदीत नाव उलटून ११ जण गेले. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यातून मिरची तोडायला निघालेल्या सहा बाया वैनगंगेत बुडाल्या.

पवनीच्या त्या दुकानात लाइफ जॅकेट मागितले तर दुकानदार नागपूरहून मागवून देतो, दोन दिवस लागतात. डोंगीच्या नाकावर त्याचा मोबाइल नंबर रंगवलेला असतो. किती माणसे बसवायची, तो आकडा कुठे लिहिलेला नसतो.