एका सेकंदात चार थांबे

गेल्या महिन्यात पेपराच्या घडीतून एक गुलाबी पत्रक घरात आलं. ‘पंधरा मिनिटांत अख्खं पुस्तक वाचा! महिन्याला तीस पुस्तकं, व्यक्तिमत्त्व विकास हमखास.’ खाली दोन दिवसांच्या शिबिराची फी, आणि मुलांसाठी वेगळी बॅच: डोळ्यांवर पट्टी बांधून वाचन. आठवीतली भाची सुट्टीला आली होती. तिनं पत्रक दोनदा वाचलं आणि विचारलं, “मावशी, जाऊ का गं मी?”

मी लगेच नाही म्हटलं नाही. रविवारच्या पुरवणीचं एक पान घेतलं, मधोमध पेन्सिलीच्या टोकानं भोक पाडलं आणि तिच्या हातात दिलं. “हे मनातल्या मनात वाच.” ती वाचत असताना मी पानाच्या मागून भोकाला डोळा लावून तिची बुबुळं बघत बसले. मग अदलाबदल केली. अर्ध्या मिनिटात ती ओरडली, “मावशी, तुझे डोळे सरकतच नाहीयेत! टुकटुक उड्या मारतायत!”

हे घरी जरूर करून बघा. आपल्याला वाटतं, नजर ओळीवरून पाण्यासारखी वाहत जाते. ती वाहत नाही. ती उडी मारते, थांबते, पुन्हा उडी मारते. पॅरिसमधले नेत्रतज्ज्ञ लुई एमिल जव्हाल यांनी १८७९ च्या सुमारास याची नोंद केली. या उडीला ‘सॅकेड’ म्हणतात. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ हिसका. एक उडी २० ते ३५ मिलिसेकंदांत संपते. त्यानंतरचा थांबा मात्र २०० ते २५० मिलिसेकंदांचा असतो. वाचन होतं ते थांब्यावर. उडीच्या वेळात मेंदू डोळ्याकडून येणारं चित्र जवळजवळ दाबूनच टाकतो. आरशासमोर उभं राहून स्वतःच्या एका डोळ्याकडून दुसऱ्या डोळ्याकडे नजर न्या. बुबुळं हललेली कधीच दिसणार नाहीत. मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यात मात्र दिसतात, कारण तिथलं चित्र क्षणभर उशिरा येतं आणि तोवर उडी संपलेली असते.

उड्या का माराव्या लागतात? शाळेत दृष्टिपटलाची आकृती काढली असेल तर पीतबिंदू आठवेल. त्याच्या मध्यावर एक इवलासा खळगा आहे. प्रकाश आणि रंग टिपणाऱ्या शंक्वाकार पेशींची सगळ्यात दाट गर्दी तिथेच असते. बारीक अक्षर ओळखण्याइतकं स्पष्ट फक्त तेवढ्याच भागाला दिसतं. हात पूर्ण लांब करून अंगठ्याचं नख बघा. तुमच्या स्पष्ट नजरेचा आवाका जेमतेम तेवढा आहे. बाकी सगळं जग धूसर असतं, आणि ते धूसर आहे हे आपल्या लक्षातही येत नाही.

आता या लेखातला माझा सगळ्यात आवडता प्रयोग. १९७५ साली अमेरिकेत जॉर्ज मॅकॉन्की आणि कीथ रेनर यांनी संगणकाच्या पडद्यावर मजकूर दाखवला आणि वाचणाऱ्याची नजर क्षणोक्षणी टिपली. नजर जिथे असेल तिथली थोडी अक्षरं शाबूत, बाकी सगळ्या ओळीचं रूपांतर निरर्थक अक्षरांत. नजर पुढे गेली की ही शाबूत अक्षरांची खिडकीही तिच्याबरोबर पुढे सरकायची. खिडकी अगदी लहान केली की वाचन अडखळायचं. मोठी करत नेली की एका टप्प्यावर वाचणारा नेहमीच्या वेगानं वाचू लागायचा. आजूबाजूला सगळी खोटी अक्षरं पसरलेली असूनही!

या आणि पुढच्या प्रयोगांतून इंग्रजी वाचकाची खिडकी मोजली गेली. नजर जिथे टेकली तिथून डावीकडे तीन-चार अक्षरं आणि उजवीकडे चौदा-पंधरा. अशी एकांगी का? दृष्टिपटल तर दोन्ही बाजूंना सारखंच आहे. याचं उत्तर हिब्रू वाचकांनी दिलं. हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात, आणि त्यांची खिडकी डावीकडे लांब निघाली. म्हणजे ही खिडकी भिंगाची नाही, अवधानाची आहे. वाचनाची दिशा जिकडे, तिकडे मेंदूचं लक्ष आधीच पुढे गेलेलं असतं.

इथून पुढे थोडं बारकाईनं वाचावं लागेल. त्या चौदा-पंधरा अक्षरांतली सगळी ओळखता येत नाहीत. ओळख पटते ती साधारण निम्म्या अंतरापर्यंत. त्यापलीकडे कळतं ते फक्त शब्दांमधल्या मोकळ्या जागा कुठे आहेत एवढंच. पण त्या जागांवरूनच पुढची उडी किती लांब मारायची हे ठरतं. इंग्रजी मजकुरातल्या मोकळ्या जागा काढून टाकल्या की वाचनाचा वेग तिसेक टक्के किंवा त्याहूनही जास्त घसरतो. आपली मोडी लिपी आठवा. आधी सलग रेघ ओढायची, मग तिच्याखाली अक्षरांमागून अक्षरं, शब्द कुठे तुटतो त्याची खूण नाही. मोडीचा कागद वाचणाऱ्याच्या डोळ्यांना हा आधार मुळीच नसतो.

शिवाय उडीची तयारी करायलाच दीडशेच्या आसपास मिलिसेकंद लागतात आणि थांबा असतो जेमतेम सव्वादोनशेचा. मग समोरचा शब्द पुरता समजायच्या आधीच पुढच्या उडीचा हुकूम सुटायला हवा. तो सुटतोही. हुकूम सुटला की लक्ष आधी पुढच्या शब्दावर जातं, डोळा मागून पोचतो. त्यामुळे डोळा पोचेपर्यंत त्या शब्दाची अर्धीमुर्धी ओळख झालेली असते. शब्द सोपा आणि अपेक्षित असला तर डोळा त्याच्यावर न थांबता पलीकडे जातो. अवघड असला तर थांबा लांबतो. म्हणजे डोळ्याचं वेळापत्रक समजणं ठरवतं. डोळ्याला घाई करायला लावून समजण्याचा वेग वाढत नाही.

आता पत्रकाचा हिशेब करू. थांबा आणि उडी मिळून पाव सेकंद. सेकंदाला चार थांबे, मिनिटाला २४०. दर थांब्याला सरासरी एक शब्द धरला तर मिनिटाला २४० शब्द. बेल्जियमचे मार्क ब्रिसबार्ट यांनी २०१९ मध्ये १९० अभ्यासांचे आकडे एकत्र केले, तेव्हा इंग्रजीतल्या ललितेतर मजकुराच्या मूक वाचनाची सरासरी मिनिटाला २३८ शब्द आली. हा आकडा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला फार आनंद झाला होता. (मराठीत ‘घराजवळच्यांनासुद्धा’ हा एकच शब्द आहे, तेव्हा आपला आकडा तसाच्या तसा धरू नये.) दोनशे पानांचं मराठी पुस्तक, पानाला २५० शब्द, म्हणजे ५०,००० शब्द. पंधरा मिनिटांत संपवायचं तर मिनिटाला ३,३०० च्या वर शब्द, दर थांब्याला जवळजवळ चौदा. खिडकीत इतके शब्द मावतच नाहीत.

हे वेगवाचनाचं वेड जुनं आहे. १९५९ साली अमेरिकेत एव्हलिन वुड या शिक्षिकेनं असे वर्ग सुरू केले आणि ते जगभर पसरले. रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतलेला उपलब्ध संशोधनाचा सविस्तर आढावा पुढे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. निष्कर्ष स्पष्ट होता: वेग फार वाढवला की आकलन घटतं. वरवर चाळणं हे उपयोगी कौशल्य आहे, परीक्षेच्या आदल्या रात्री सगळ्यांना लागतं. पण चाळण्याला वाचन म्हणून विकणं ही फसवणूक आहे. पत्रकात आणखी एक वाक्य होतं: ‘मागे वळून वाचण्याची वाईट सवय घालवा.’ नेहमीच्या वाचनात दहा ते पंधरा टक्के उड्या उलट्या, म्हणजे आधी वाचलेल्या मजकुराकडे असतात. २०१४ च्या एका प्रयोगात वाचून झालेले शब्द लगेच झाकून टाकले, म्हणजे मागे जाऊन काही मिळू नये. आकलन खाली आलं.

आणि ती डोळ्यांवरची पट्टी. ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’, म्हणजे मध्यमेंदू जागृत केला की मूल पट्टी बांधून वाचतं, असा दावा आहे. मूल वाचतं ते नाकाशेजारच्या फटीतून. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी हे वारंवार जाहीरपणे दाखवून दिलंय. मला सगळ्यात वाईट वाटतं ते त्या मुलांचं. आईवडिलांनी भरलेल्या पैशांपायी त्यांना खोटं बोलायला शिकवलं जातं. आणि मध्यमेंदूचं खरं काम किती सुंदर आहे! नजरेच्या उड्यांचं नियंत्रण करणारं एक मोठं केंद्र मध्यमेंदूतच आहे: सुपीरिअर कॉलिक्युलस. त्याच्या वरच्या थरांत समोरच्या दृश्याचा नकाशा असतो, खालच्या थरांत उडी कुठे आणि किती मारायची याचा, आणि दोन्ही नकाशे एकावर एक जुळलेले.

उत्तर प्रदेशात लखनौजवळच्या खेड्यांत निरक्षर प्रौढांना, त्यात बहुतेक बायका होत्या, सहा महिने देवनागरी वाचायला शिकवलं गेलं. शिकण्यापूर्वी आणि नंतर त्यांच्या मेंदूचं एमआरआय झालं. २०१७ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. दृष्टीचं काम करणारा मेंदूच्या मागच्या बाजूचा भाग, मेंदूच्या आत खोलवर असलेल्या थॅलॅमसमधला पल्व्हिनार नावाचा भाग आणि हाच सुपीरिअर कॉलिक्युलस यांच्यातला ताळमेळ वाढलेला दिसला. त्यांचं सरासरी वय तिशीच्या पुढे होतं. हा बदल उघड्या डोळ्यांनी आणि बाराखडीनं घडवला होता.

“मग रोज किती वाचू?” भाचीचा पुढचा प्रश्न. ‘एकवीस दिवसांत सवय लागते’ हे वाक्य तिनं कुठेतरी ऐकलं होतंच. त्याचा उगम १९६० च्या एका पुस्तकात आहे, आणि ते लिहिणारे प्लास्टिक सर्जन होते. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची ओळख पटायला निदान एकवीस दिवस लागतात, एवढंच त्यांचं निरीक्षण होतं. प्रत्यक्ष मोजमाप लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली यांनी केलं. ९६ जण, १२ आठवडे, प्रत्येकानं खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एकच गोष्ट ‘नाश्त्यानंतर’ अशा ठरलेल्या वेळेशी बांधून घेतलेली. ती अंगवळणी पडायला मध्यम आकडा ६६ दिवसांचा आला, पण माणसागणिक फरक १८ पासून २५४ पर्यंत! (बारा आठवड्यांपलीकडचे आकडे आलेखावरून काढलेले अंदाज आहेत.) मधे एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडलं नाही. त्यात वाचन नव्हतं, तरी ठरलेल्या खुणेला बांधणं वाचनालाही लागू पडायला हरकत नाही. आमच्याकडे संध्याकाळचा चहा ही खूण ठरली. कप विसळून ठेवला की वीस मिनिटं पुस्तक. मिनिटाला दीडशे शब्द धरले तरी रोज तीन हजार होतात, आणि ते दोनशे पानी पुस्तक सतरा दिवसांत हातावेगळं होतं.

पुस्तक कोणतं, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचं उत्तरही थांब्यांतच आहे. अनोळखी शब्द आला की थांबा लांबतो, उलट्या उड्या वाढतात. परभाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्यांवरच्या संशोधनात गोष्ट विनाअडथळा समजायला मजकुरातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात असं दिसलं. २५० शब्दांच्या पानावर दोन टक्के म्हणजे पाच शब्द. शिक्षक मुलांना पाच बोटांची युक्ती सांगतात: मधलं कुठलंही पान उघडा, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटा, मूठ बंद झाली तर ते पुस्तक तूर्त बाजूला ठेवा. दोन्ही आकडे जुळतात. मोठ्यांनीही ही युक्ती वापरावी. ‘आयुष्य बदलणाऱ्या’ पुस्तकांच्या याद्या बघून जाडजूड ग्रंथ आणायचा आणि तिसाव्या पानावर खूण घालून कपाटात ठेवायचा, हे फार घरांत होतं. त्यात आळसाचा भाग कमी असतो, चुकीच्या निवडीचा जास्त.

शब्दांहून मोठी गोष्ट म्हणजे विषयाची ओळख. १९८८ साली डॉना रेख्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी ६४ शाळकरी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण खेळाची माहिती नसलेल्या मुलांपेक्षा सरस ठरली. म्हणून मी भाचीला आधी तिच्या आवडीचं, कबड्डीचं पुस्तक दिलं. ओळखीच्या विषयातून पुढच्या विषयाकडे वाट फुटते. व्यक्तिमत्त्व विकास असं लेबल पुस्तकावर असलंच पाहिजे असं नाही.

परवा सांगोल्याहून मामा आला. सातवीपर्यंत शिकलेला, ओठ हलवत वाचणारा, दोन एकर डाळिंब. भाचीनं आता भोक पाडलेला कागद सगळ्यांवर आजमावायचा सपाटाच लावलाय. तिनं त्याला डाळिंबाच्या तेल्या रोगावरचा एक लेख दिला आणि मागून डोळा लावला. थोड्या वेळानं मला हळूच म्हणाली, “मावशी, मामाआजोबांचे डोळे एकाच ओळीवर परत परत मागे जातायत. तीनदा गेले.”

मामानं पान खाली केलं. “अगं, हे चुकीचं छापलंय,” तो म्हणाला. “फवारणीला दहा टक्के बोर्डो मिश्रण लिहिलंय यांनी. फवारायचं ते एक टक्का. दहा टक्क्यांची पेस्ट असते, ती खोडाला लावतात. कुणी वाचून फवारलं तर बाग जळेल.”

भाचीनं पेन्सिल आणून दिली. मामानं चष्मा वर केला, ती ओळ पुन्हा एकदा वाचली आणि दहावरचं शून्य खोडलं.