इनिट-क्लीनअप चाचणी

सॉफ्टवेअर लायब्ररी (इतर प्रोग्रॅमनी वापरायचा तयार कोड) सुरू करणारे आणि बंद करणारे फंक्शन ठरल्याप्रमाणे वागते की नाही, हे तपासणाऱ्या युनिट टेस्टचा (कोडच्या एकेका छोट्या भागाच्या चाचणीचा) एक प्रकार. सुरू करणारे फंक्शन मेमरी, थ्रेड (प्रोग्रॅममधले समांतर चालणारे काम), फायली, सॉकेट (नेटवर्कवरून बोलण्याचे टोक) असे जे ताब्यात घेते, ते सगळे बंद करणाऱ्याने परत करायचे असते. परिभाषेत ‘प्रारंभ’ आणि ‘समापन’ हे शब्द बसतात. पण ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून ऐरोली-महाप्यापर्यंत मराठी बोलणारे प्रोग्रॅमरही ‘इनिट’ आणि ‘क्लीनअप’च म्हणतात, म्हणून नोंदीत तेच शब्द ठेवले आहेत.

ठाण्याच्या गडकरी रंगायतनात किंवा वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात एकाच दिवशी दोन वेगळ्या नाटकांचे प्रयोग लागतात. दुपारचे नेपथ्य नीट लागले की नाही, हे पडदा उघडताच सगळ्यांना दिसते. ते नीट उतरवले की नाही, हे मात्र रात्रीची मंडळी टेम्पोतून सामान काढून रंगमंचावर येतात तेव्हाच कळते: विंगेत राहिलेली खुर्ची, कुणाचा तरी लावलेला दिवा. लायब्ररीचेही तसेच. इनिट चुकला तर प्रोग्रॅम पहिल्याच मिनिटाला अडतो. क्लीनअप चुकला तर बहुधा काहीच होत नाही, कारण प्रोसेस (चालू असलेला प्रोग्रॅम) संपताच ऑपरेटिंग सिस्टिम तिची मेमरी आणि उघड्या फायली स्वतःच काढून घेते. दोष उघडा पडायला दुसरा प्रयोग लागावा लागतो. म्हणूनच या प्रकारातली सर्वांत साधी आणि सर्वांत कामाची चाचणी अशी: इनिट, क्लीनअप, पुन्हा इनिट, आणि मग लायब्ररीकडून थोडे खरे काम करून घेणे.

नावांचा एक घोळ इथेच सोडवायला हवा. केंट बेक यांच्या, स्मॉलटॉक या प्रोग्रॅमिंग भाषेसाठीच्या एसयुनिटपासून आणि त्यांनी एरिक गॅमा यांच्यासह 1997 मध्ये जावा भाषेसाठी लिहिलेल्या जेयुनिटपासून चाचण्या लिहिण्या-चालवण्याच्या चौकटींत ‘सेटअप’ आणि ‘टीअरडाऊन’ हे शब्द रूढ झाले. ती चाचणीची स्वतःची मांडामांड आणि आवराआवर असते. इथे तर लायब्ररीचे सुरू-बंद होणे हाच तपासाचा विषय आहे. सवयीने इनिट सेटअपमध्ये टाकला की तपासायची गोष्ट गृहीत धरली जाते. शिवाय पायथॉन भाषेच्या युनिटटेस्ट या चौकटीत सेटअप फसला तर टीअरडाऊन चालतच नाही, त्यामुळे अर्धवट सुरू झालेली लायब्ररी तशीच लोंबकळत राहते. ‘अ‍ॅडक्लीनअप’ने नोंदवलेली कामे मात्र सेटअप फसला तरी चालतात. जेयुनिटच्या चौथ्या आवृत्तीपासून ‘आफ्टर’ खूण लावलेली मेथड ‘बिफोर’ फसला तरी चालते.

इनिट दोनदा बोलावला तर काय व्हावे? एका प्रोग्रॅममधले दोन घटक एकमेकांना न विचारता तीच लायब्ररी सुरू करतात, त्यामुळे हा प्रश्न रोजचा आहे. पण त्याचे सर्वमान्य उत्तर नाही. विंडोजच्या विनसॉक या नेटवर्क लायब्ररीत प्रत्येक यशस्वी स्टार्टअपमागे एक क्लीनअप लागतो आणि खरी आवराआवर शेवटच्या क्लीनअपलाच होते. इंटरनेटवरून फायली आणणाऱ्या-पाठवणाऱ्या लिबकर्लमध्येही जितके ग्लोबल इनिट तितके ग्लोबल क्लीनअप, असा नियम आहे. एसक्यूलाइट ही डेटाबेस लायब्ररी याच्या उलट वागते. तिथे दुसऱ्या इनिशिअलाइझने काहीच होत नाही, आणि पहिलाच शटडाऊन लायब्ररी खरोखर बंद करतो. म्हणजे दोन इनिट आणि एक क्लीनअप अशी हुबेहूब तीच चाचणी लिहिली, तर विनसॉकसाठी ‘लायब्ररी अजून चालू’ हे बरोबर उत्तर, तर एसक्यूलाइटसाठी ‘बंद’. ओपनएसएसएल ही एन्क्रिप्शनची लायब्ररी तिसऱ्याच वाटेने गेली: 1.1.0 आवृत्तीपासून ती लागेल तेव्हा आपोआप सुरू होते, पण एकदा क्लीनअप झाल्यावर त्याच प्रोसेसमध्ये पुन्हा सुरू होत नाही. तिथे वर सांगितलेली पुन्हा इनिटची चाचणी ‘त्रुटी यायलाच हवी’ अशी लिहावी लागते. लायब्ररीच्या कागदपत्रांत यातले काहीच लिहिलेले नसेल, तर चाचणी लिहिणाऱ्याने आधी लेखकाकडून ते वदवून घ्यावे. अंदाजाने लिहिलेली चाचणी फक्त आजचे वर्तन गोठवते.

अर्ध्यात फसलेला इनिट हा सर्वांत दुर्लक्षित भाग. पाच गोष्टी ताब्यात घ्यायच्या आहेत आणि चौथी मिळाली नाही, तर आधीच्या तीन उलट्या क्रमाने सोडायला हव्यात. हे तपासण्याची एसक्यूलाइटच्या चाचण्यांतली रीत अनुकरणीय आहे. मेमरी मागणारे फंक्शन मुद्दाम पहिल्या खेपेला अपयशी ठरवायचे, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, असे काम विनाअडथळा पूर्ण होईपर्यंत चालवायचे. मेमरी न मिळाल्याने फसण्याची प्रत्येक वाट अशी तुडवली जाते.

गळती, म्हणजे परत न केलेली मेमरी, शोधणाऱ्या साधनांवर इथे डोळे झाकून विसंबू नये. ग्लोबल (सगळ्या प्रोग्रॅमला दिसणारे) व्हेरिएबल अजून जिच्याकडे बोट दाखवते आहे अशी मेमरी व्हॅलग्रिंड हे साधन ‘स्टिल रीचेबल’ (अजून पोहोचण्याजोगी) या सदरात टाकते, आणि बरेच जण ते सदर वाचतच नाहीत. लीकसॅनिटायझर हे दुसरे साधन तर अशा मेमरीला गळती मानतच नाही. क्लीनअपने विसरलेल्या वस्तू नेमक्या याच सदरात सापडतात. इनिट-क्लीनअपची जोडी हजार वेळा फिरवून आधी आणि नंतर उघड्या फायलींची संख्या मोजणे हा ओबडधोबड, पण फसवायला कठीण उपाय आहे. लिनक्सवर प्रोसेसच्या एफडी (उघड्या फायलींची यादी असलेल्या) फोल्डरमधल्या नोंदी मोजल्या की झाले.

अशी प्रत्येक चाचणी स्वतंत्र प्रोसेसमध्ये चालवणे श्रेयस्कर, कारण आधीच्या चाचणीने लायब्ररी सुरू करून ठेवली असेल तर ‘पहिला इनिट’ पहिला उरत नाही. चाचण्या एका ठराविक क्रमाने लावल्या तरच पास होत असतील, तर हेच कारण आधी तपासावे. प्रोसेस संपतानाचे वर्तनही वेगळे तपासावे लागते: सी भाषेत ‘अ‍ॅटएक्झिट’ने नोंदवलेली फंक्शने उलट्या क्रमाने चालतात, त्यामुळे वापरणाऱ्याने नंतर नोंदवलेले फंक्शन लायब्ररीच्या क्लीनअपच्या आधी चालते, आणि आधी नोंदवलेले असेल तर ते बंद झालेल्या लायब्ररीलाच हाक मारते. थ्रेडच्या बाबतीत थोडक्यात एवढेच: एसक्यूलाइटचा इनिशिअलाइझ एकाच वेळी अनेक थ्रेडांतून बोलावता येतो, शटडाऊन मात्र नाही, आणि त्याआधी सगळी कनेक्शने बंद झालेली हवीत.

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक पट्ट्यात कारखाने आणि सॉफ्टवेअर कार्यालये शेजारी शेजारी आहेत. कारखान्यातल्या वजनकाट्याशी किंवा नियंत्रकाशी सिरियल पोर्टवरून (यंत्र संगणकाला जोडायच्या जोडणीवरून) बोलणारी लायब्ररी असेल, तर क्लीनअपचा वर सांगितलेला दोष लपत नाही. विंडोजवर असा पोर्ट, म्हणजे कॉम पोर्ट, एका वेळी एकदाच उघडतो, त्यामुळे क्लीनअपने पोर्ट सोडला नाही तर दुसऱ्या इनिटला लगेच ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ येते. यंत्र टेबलावर नसेल तर खोटा पोर्ट लिहून चाचणी करतात. त्या खोट्या पोर्टलाही दुसऱ्यांदा उघडताना नकार द्यायला शिकवावे लागते, आणि लिहिणारे नेमके तेच विसरतात.