एका बाकड्याचं सिंहासन: गेम-डिझाइनमागची पार्श्वभूमी

१९८५च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मधला ढग आणि झुडूप हे एकच चित्र आहे, फक्त रंग वेगळा. गेम साठवलेल्या कार्ट्रिजमध्ये जागा जेमतेम ४० किलोबाइट, त्यात शिगेरू मियामोतो आणि मंडळींना अख्खं जग बसवायचं होतं. सिंधुदुर्गात जत्रेला रात्र जागवलेल्या माणसाला ही चलाखी नवी वाटणार नाही. दशावतारात, म्हणजे तिथल्या रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्यात, एकच बाकडं असतं. राजा बसला की सिंहासन, दुसऱ्या प्रवेशात तोच डोंगर. कोणी हरकत घेत नाही.

गेममधली कल्पकता म्हणजे भन्नाट कथा, असा एक समज आहे. सुरुवातीचा इतिहास पाहिला तर बहुतेक कल्पना अडचणीतून निघालेल्या दिसतात. मारिओला मिशी आली, कारण एवढ्याशा ठिपक्यांत तोंड काढणं जमत नव्हतं. केस टाळायला टोपी आली. ‘स्पेस इन्व्हेडर्स’ (१९७८) बनवताना तोमोहिरो निशिकादो यांच्या लक्षात आलं, की शत्रू मरत गेले की यंत्रावरचा भार घटतो आणि उरलेले जोरात पळतात. त्यांनी ते तसंच ठेवलं, आणि खेळाचा सगळा थरार त्यातच आहे. १९८४मध्ये मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव यांच्या संगणकाला चित्रं काढता येत नव्हती, म्हणून ‘टेट्रिस’चे पहिले ठोकळे कंसांच्या जोड्यांनी रचले गेले.

दशावतारात लिखित संहिता नसते. आख्यान ठरलेलं, कोण कोणाचं सोंग घेणार ते ठरलेलं. संवाद मात्र रंगमंचावर जुळवायचे. चौकट पक्की आणि आतली चाल खेळणाऱ्याची, हे गेमकाराचंही काम. (त्यातल्या हसवणाऱ्या राक्षसाला, संकासुराला, मात्र चौकटीचंही फारसं बंधन नाही!)

पण खरा डिझाइनचा नमुना म्हणजे सावंतवाडीची गंजिफा, हा पत्त्यांचा खेळ. बाबराने १५२७मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. इराणी वळणाचा हा खेळ आपल्याकडे आला आणि त्याचे दहा अवतार झाले: दहा गट, प्रत्येकात राजा, प्रधान आणि दहा पानं, एकूण १२० गोल पत्ते. परशुरामाचा गटही त्यात आहे, कोकणात तो हवाच. निम्म्या अवतारांत दश्शाची किंमत एक्क्याहून जास्त, उरलेल्या पाचांत उलट. त्यामुळे हातात पान आलं तरी ते भारी की हलकं हे आठवावं लागतं. त्यावर कडी म्हणजे दिवसा डाव रामापासून सुरू होतो, रात्री कृष्णापासून. बाहेरचा सूर्य खेळाच्या नियमात! खऱ्या घड्याळाप्रमाणे दिवस-रात्र होणारी ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग’ २००१मध्ये आली, तेव्हा त्याचं जगभर अप्रूप वाटलं.

मोडकळीला आलेली हे पत्ते बनवण्याची कला सावंतवाडीच्या शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यात कारागीर बसवून जगवली. आज पत्ते विकले जातात ते बहुधा भिंतीवर लावायला.

२०२०मध्ये पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’ हा व्हिडिओ गेम काढला. त्यात गोष्ट सांगायला छायाबाहुल्यांची शैली वापरली आहे. चामड्याच्या छायाबाहुल्या कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर मंडळी पिढ्यान्‌पिढ्या नाचवत आली आहेत. ‘राजी’ देखणा आहे, पण माझ्या मते आपले गेमकार परंपरेतून चित्रं उचलतात आणि नियम तिथेच ठेवून येतात. गंजिफेचा दिवस-रात्रीचा नियम मोबाइलवर आणायला वेगळं चित्रसुद्धा लागत नाही. घड्याळ फोनमध्ये आहेच.