माईक घेण्याआधी टाळी वाजवा

मे महिन्यात भाचा घरी आला तो मोबाईल पुढं करतच. "मामा, ऐक की जरा." मंगळवार पेठेत त्यांच्या माडीवर तो तबल्याचा रियाज करतो, त्याचं रेकॉर्डिंग होतं. पोराचा हात तयार झालाय हे कळत होतं, पण 'तिरकिट'ची अक्षरं एकमेकांत मिसळून त्यांचा लगदा झाला होता आणि डग्गा बंद पिंपात वाजल्यासारखा येत होता. मोबाईलवर खापर फोडून त्यानं थेट विचारलं, "कंडेन्सर घेऊ काय?" कंडेन्सर आणि डायनॅमिक या माईकच्या दोन जाती. एका मित्रानं सांगितलं होतं, कंडेन्सरशिवाय स्टुडिओसारखा आवाज येत नाही. दुसऱ्यानं सांगितलं होतं, घरात कंडेन्सर अजिबात नको, तो सगळी खोली ओढतो, डायनॅमिक घे.

म्हटलं, चल, आधी तुझ्या माडीवर जाऊन एक टाळी वाजवू.

बारा बाय बाराची खोली. खाली गुळगुळीत फरशी, भिंतींना ऑइल पेंट, वर स्लॅब, एका बाजूला लोखंडी कपाट. मधोमध उभं राहून टाळी दिली. टाळीचा 'टाप्' झाला आणि त्याच्या मागं एक बारीक, धातूसारखी थरथर ऐकू आली, तारेवर नख ओढल्यासारखी. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. साडेतीन मीटरची खोली ओलांडायला त्याला दहा-अकरा मिलिसेकंद लागतात. म्हणजे टाळीचा आवाज सेकंदभर जिवंत राहिला तर तेवढ्यात तो नव्वदएक वेळा भिंतीवर आपटतो. भाच्याचं 'तिरकिट' दर वेळी असंच आपटत होतं, आणि एक अक्षर विरायच्या आत पुढचं येत होतं.

कुठलाही माईक दोन आवाज एकदम ऐकतो. एक वाद्यापासून सरळ आलेला, दुसरा भिंतींवरून फिरून आलेला. सरळ येणारा आवाज अंतराप्रमाणं झपाट्यानं उतरतो. अंतर दुप्पट झालं की तो ६ डेसिबलनं खाली येतो. घुमणारा आवाज मात्र खोलीभर जवळपास सारखाच भरलेला असतो. त्यामुळं वाद्यापासून लांब जाताना एक जागा अशी येते, की तिथं दोन्ही आवाज बरोबरीचे होतात. त्यापलीकडं माईक ठेवला, की तो वाद्यापेक्षा खोलीच जास्त ऐकतो. भाच्याच्या खोलीचं घनफळ चाळीस घनमीटरच्या आसपास आहे, आणि आवाज पूर्ण विरायला एक सेकंद लागतो असं धरू. हिशोब केला तर ती जागा येते जेमतेम ३६ सेंटीमीटरवर. वितीच्या हिशोबात दोन वितीसुद्धा नाही. त्याचा मोबाईल होता समोरच्या कपाटावर, सहा फुटांवर.

'कंडेन्सर खोली ओढतो' हे वाक्य मी गेली पंधरा वर्षं ऐकतोय, आणि त्यापायी कितीतरी पोरांनी चुकीची वस्तू विकत घेतलेली पाहिलीय, म्हणून यावर जरा थांबतो. कंडेन्सर जास्त संवेदनशील असतो हे खरं. डायनॅमिक माईक एका ठरावीक आवाजाला दीड-दोन मिलिव्होल्ट देत असेल, तर तेवढ्याच आवाजाला कंडेन्सर दहा-वीस मिलिव्होल्ट देतो. पण तो वाद्याचा आवाज जेवढ्या पटीनं मोठा करतो, तेवढ्याच पटीनं खोलीचाही करतो. दुधात पाणी मिसळलेलं असेल तर लिटरच्या मापानं घ्या नाही तर पावशेरच्या, पाण्याचं प्रमाण तेच राहतं. हा समज पसरला तो वापराच्या सवयीमुळं. डायनॅमिक माईक आपण ओठांना लावून गातो, कंडेन्सर फूट-दीड फुटावर स्टँडला लावतो, आणि अंतरानं झालेला फरक माईकच्या जातीवर ढकलतो. माझ्याकडचा डायनॅमिक आणि एका मित्राचा कंडेन्सर, दोन्ही एकाच दिशेचं ऐकणारे, आम्ही त्याच माडीवर शेजारी शेजारी एकाच अंतरावर लावले. नंतर दोन्हींची पातळी सारखी करून ऐकली. खोली दोघांतही तेवढीच घुमत होती. कंडेन्सरमध्ये चाटीचा, म्हणजे तबल्याच्या कडेवर वाजणारा 'ना' जास्त लख्ख होता, एवढाच फरक.

तो लख्खपणा कुठून येतो हे माईकच्या पोटात पाहिलं की समजतं. डायनॅमिक माईकमध्ये पातळ पडद्याला तांब्याच्या तारेचं वेटोळं चिकटवलेलं असतं आणि ते चुंबकाच्या फटीत लोंबतं. आवाजानं पडदा हलला की वेटोळं हलतं आणि तारेत वीज उमटते. फॅरडेनं १८३१ साली दाखवलेलं तत्त्व ते हेच. स्पीकर म्हणजे हीच रचना उलट्या कामाला लावलेली. कंडेन्सरमध्ये वेटोळं नसतं. सोन्याचा मुलामा दिलेला, काही मायक्रॉन जाडीचा प्लॅस्टिकचा पडदा एका धातूच्या चकतीसमोर ताणलेला असतो. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. पडदा चकतीच्या जवळ-लांब होतो तशी दोघांतली विद्युतधारिता, म्हणजे विद्युतभार साठवायची ताकद बदलते, आणि त्या बदलातून सिग्नल मिळतो. १९१६ साली एडवर्ड वेंट यांनी असा माईक बनवला. पडद्यावर वेटोळ्याचं ओझं नसल्यानं तो चटकन हलतो आणि चटकन थांबतो. तबल्याच्या चाटीवर बोट पडतं तो पहिला क्षण, सतारीवर मिजराब लागते तो क्षण, हे कंडेन्सरला नेमकं पकडता येतं. वेटोळं त्यात थोडं मागं पडतं.

कंडेन्सरला वीज लागते. माईक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या पेटीवर, म्हणजे इंटरफेसवर '४८ व्होल्ट' लिहिलेलं बटण असतं ते त्यासाठीच. १९६२ साली बेल लॅब्समध्ये जेम्स वेस्ट आणि गेर्हार्ड सेसलर यांनी असा पडदा केला, की ज्यात विद्युतभार कायमचा मुरलेला असतो. हा इलेक्ट्रेट माईक. त्यामुळं कंडेन्सर स्वस्त झाला आणि टेपरेकॉर्डरपासून मोबाईलपर्यंत सगळीकडं पोचला. तेव्हा भाच्याचा मोबाईल बाद नव्हता. त्यातही कंडेन्सरच होता, फक्त चुकीच्या जागी.

आता मुख्य निवड. माझ्या मते डायनॅमिक की कंडेन्सर याच्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: माईक कुठल्या बाजूंनी ऐकतो? ओम्नी चहूबाजूंनी सारखा ऐकतो. कार्डिऑइड समोरून पूर्ण ऐकतो, बाजूनं ६ डेसिबल कमी आणि बरोबर पाठीमागून जवळजवळ बहिरा असतो. याचा थेट फायदा असा, की खोलीचा तोच घुमारा मिळायला कार्डिऑइड ओम्नीच्या पावणेदोन पट लांब ठेवता येतो. भाच्याच्या खोलीत ३६ सेंटीमीटरचे ६२ झाले. घरी पहिला माईक घेणाऱ्यानं डोळे झाकून कार्डिऑइड घ्यावा. आणि त्याची बहिरी पाठ वाया घालवू नये. खिडकीतून रिक्षांचा आवाज येतो, पाठ खिडकीकडं करावी. फिगर-ऑफ-एट जातीचा माईक पुढून-मागून ऐकतो आणि दोन्ही कुशींना बहिरा असतो. हार्मोनियम वाजवत गाणाऱ्याचा गळा वेगळा पकडायला यासारखा माईक नाही. फक्त पेटी त्याच्या कुशीत येईल असा तो लावावा लागतो.

तबल्याकडं परत येतो. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० साली 'नेचर'मध्ये दाखवून दिलं, की इतर ढोलांचे सूर बेशिस्त असतात, पण तबला-मृदंगाच्या मधल्या शाईमुळं कातड्याच्या कंपनांचे वरचे सूर मूळ सुराच्या पटीत बसतात. म्हणून तर तबला सुरात लावता येतो. पण हे वेगवेगळे सूर कातड्याच्या वेगवेगळ्या भागांतून निघतात. माईक शाईच्या अगदी जवळ, चार बोटांवर नेला तर तो एका भागाचंच ऐकतो आणि तबला अर्धवट वाटतो. सगळे भाग एकत्र यायला एक-दीड वीत तरी अंतर हवं. एकीकडं खोली सांगते 'जवळ ये', दुसरीकडं वाद्य सांगतं 'जरा लांब राहा'. घरच्या रेकॉर्डिंगचं सगळं कसब या दोघांच्या मधली जागा शोधण्यात आहे.

त्या जागेला ऐसपैस करायचं असेल तर खोली शांत करावी लागते. आम्ही त्याच्या आजीच्या ट्रंकेतल्या चार जाड वाकळा काढल्या. दोन दोरीवर टाकून त्याच्या पाठीमागं आणि उजव्या हाताला टांगल्या, एक कपाटावरून सोडली, एक तबल्याखालच्या सतरंजीवर अंथरली. फरशीवरची विसरू नये. तबला जमिनीलगत असतो, आणि सरळ आलेल्या आवाजापेक्षा फरशीवरून उसळून आलेला आवाज ३४ सेंटीमीटर जास्त फिरून आला, तर तो एक मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि ५०० हर्ट्झच्या आसपासचा सूर खाऊन टाकतो, मग १५००, मग २५००. आवाज पोकळ वाटतो, आणि माणूस माईक बदलत बसतो. वाकळा लावून पुन्हा टाळी वाजवली, थरथर गेली होती. डग्ग्याचा खालचा घुमार मात्र वाकळेला दाद देत नाही. १०० हर्ट्झची लाट जवळपास साडेतीन मीटर लांब असते, तिला दोन इंच कापूस काय अडवणार? त्यावर उपाय एकच, चौकोनी खोलीच्या बरोबर मध्यावर आणि कोपऱ्यात बसू नये.

गाणाऱ्यांना एक वेगळी गोष्ट सांभाळावी लागते. कार्डिऑइड माईक तोंडाजवळ नेला की खर्ज फुगतो. भारदस्त वाटतं म्हणून अनेकांना ते आवडतं, पण आलाप घेताना मान पुढं-मागं होते आणि दर वेळी आवाजाची जात बदलते. एक वीत अंतर ठरवून घ्यावं, मध्ये पॉप फिल्टर, म्हणजे फुत्कार अडवणारी जाळी लावावी, माईक ओठांच्या किंचित बाजूला ठेवावा. 'प' आणि 'भ'चे फुत्कार पुढून निघून जातात.

तंबोरा रेकॉर्ड करायचा असेल तर मात्र कंडेन्सरचीच बाजू घ्यावी लागते. मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा तो झणझणता गुंजारव, ही फार हलकी, वरच्या सुरांनी भरलेली गोष्ट. डायनॅमिक माईकच्या दीड मिलिव्होल्टला इंटरफेसवर इतका गेन द्यावा, म्हणजे सिग्नल इतका वाढवावा लागतो, की तारांबरोबर इंटरफेसची सुसकारीही वर येते. कंडेन्सर विकत घेताना त्याच्या कागदावर 'सेल्फ नॉईज', म्हणजे माईकची स्वतःची खरखर किती ते बघावं. ती १५ डेसिबलच्या आत असली तर रात्रीच्या पेठेतली शांतताच त्याहून मोठी असते, पुढचे पैसे वाया. उलट टोकाला हलगी. कुस्तीच्या वेळी कोल्हापूरच्या अख्ख्या खासबाग मैदानाला ऐकू जाणारं वाद्य ते. त्यासाठी साधा डायनॅमिक पुरतो आणि टिकतो. १९६६ पासून तसाच बनत आलेला शूअर एसएम ५८ हा डायनॅमिक माईक शाहीर, कीर्तनकार, ऑर्केस्ट्रावाले सगळे वापरतात ते उगाच नाही.

भाच्यानं अखेर छोट्या पडद्याचा कार्डिऑइड कंडेन्सर घेतला, एकच. दायाँ-बायाँला दोन माईक हवेत असं त्याला वाटत होतं. पण दोन माईक लावले तर दोघांमधलं अंतर प्रत्येकाच्या वाद्यापासूनच्या अंतराच्या तिप्पट तरी हवं, नाहीतर एकाचा आवाज दुसऱ्यात जाऊन सूर खातो, आणि तबला-डग्गा तर खेटूनच असतात. एक माईक दोघांच्या मधोमध वर, दीड फुटावर, किंचित चाटीकडं कललेला. त्याला सांगितलंय, जून उजाडला की माईक स्टँडवर सोडायचा नाही. आपल्याकडच्या पावसात त्या नाजूक पडद्यापाशी ओल धरली की माईक तडतडायला लागतो. घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या चार पुड्यांबरोबर ठेवायचा.

गेल्या आठवड्यात त्यानं रात्री साडेअकराला, पंखा बंद करून केलेलं रेकॉर्डिंग पाठवलं. झपतालातला कायदा होता. मी हेडफोन लावून ऐकलं. 'तिरकिट'चं एकेक अक्षर सुटं होतं, आणि सम येण्याआधी त्यानं घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येत होता.