उपभोग खर्चाची राष्ट्रीय तुलना : भारत व चीन

कुटुंबे आणि शासन यांनी अंतिम वापराच्या वस्तू व सेवांवर वर्षभरात केलेला खर्च दोन देशांत ताडून पाहण्याची पद्धत. विकसनशील देशांत भारत व चीन ही जोडी या तुलनेसाठी वारंवार घेतली जाते. 1980 च्या सुमारास दोघांचे दरडोई उत्पन्न फारसे भिन्न नव्हते. पुढच्या वाटा मात्र वेगळ्या झाल्या.

चीनमध्ये कौटुंबिक उपभोगाचा स्थूल देशांतर्गत उत्पादनातील वाटा 1980 च्या दशकारंभी निम्म्याच्या आसपास होता. 2010 च्या सुमारास तो साधारण 35 टक्क्यांवर आला व नंतर किंचित सावरला. भारतात स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात चार-पंचमांशाहून अधिक असलेला हा वाटा अलीकडे 55 ते 60 टक्क्यांच्या घरात आहे. वाटा घसरला म्हणून चिनी कुटुंबांचे खाणे-लेणे घटले असे नव्हे. खर्च वाढतच होता. गुंतवणूक व उत्पादन त्याहून वेगाने वाढले.

चीनचे जुने आकडे भौतिक उत्पादनावर आधारलेल्या सोव्हिएट धाटणीच्या लेखापद्धतीतले आहेत. न्हाव्याची किंवा डॉक्टरची सेवा तीत राष्ट्रीय उत्पन्न ठरत नसे. 1990 च्या दशकारंभी ही पद्धत सुटली आणि आधीची मालिका मागाहून नव्याने बांधली गेली. म्हणून 1978 पूर्वीचे आकडे जपूनच वापरावेत. स्वतःच्या घरात राहणाऱ्यांचे आरोपित भाडे (तेच घर भाड्याने घेतले असते तर पडले असते ते) बाजारभावाने न धरता बांधकाम खर्चाच्या घसाऱ्यावरून काढले जात असल्यामुळे चीनचा उपभोग कमी दिसत असे, असे काही अर्थशास्त्रज्ञ मानतात. ही दुरुस्ती केली तरी वाटा कमीच राहतो, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

भारतातील वाद निराळा आहे. राष्ट्रीय लेख्यांतला, म्हणजे देशाच्या उत्पन्न-खर्चाच्या अधिकृत हिशेबातला, उपभोग आणि घरोघरच्या पाहणीतला उपभोग जुळत नाहीत. संख्याशास्त्रज्ञ महालनोबीस यांच्या अध्यक्षतेखाली 1949 मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय उत्पन्न समितीने (धनंजयराव गाडगीळ व व्ही. के. आर. व्ही. राव हे सदस्य) हिशेबाचा पाया घातला. खाजगी उपभोग मुख्यतः वस्तुप्रवाहावरून काढतात. गुळाचे उदाहरण घेतल्यास, उत्पादन व आयात यांतून निर्यात, कारखान्यांचा वापर आणि साठ्यातील वाढ वजा करून उरलेला गूळ घरांत खपला असे धरले जाते. राष्ट्रीय नमुना पाहणीत मात्र प्रगणक घरी जाऊन विचारतो. घरच्या शेतातली ज्वारी तो शेतावरच्या भावाने लिहितो, दुकानातल्या नव्हे. अर्थशास्त्रज्ञ दांडेकर व रथ यांचा 1971 चा दारिद्र्यविषयक अभ्यास याच पाहण्यांवर उभा आहे. 1970 च्या दशकारंभी पाहणीतील खर्च राष्ट्रीय लेख्यांतील खर्चाच्या बराच जवळ होता; 2011-12 मध्ये तो जेमतेम निम्म्याहून थोडा अधिक उरला. श्रीमंत कुटुंबांचा अपुरा प्रतिसाद, लांबलचक प्रश्नावलीने येणारा कंटाळा, बाहेरचे जेवण नीट न नोंदले जाणे ही कारणे सांगतात. वजाबाकीच्या पद्धतीत साचणाऱ्या चुकाही तितक्याच जबाबदार असाव्यात. 1999-2000 च्या फेरीत खाद्यपदार्थांसाठी 7 व 30 दिवसांचे दोन्ही आठवणकाल (मागच्या किती दिवसांचा खर्च आठवून सांगायचा तो अवधी) एकाच घरात विचारल्याने आकडे वादग्रस्त झाले. 2017-18 च्या पाहणीचे निष्कर्ष त्या वेळी रोखले गेले आणि मालिकेत मोठी पोकळी पडली. 2022-23 मध्ये एका घराला तीन भेटी देऊन माहिती घेतली. दरडोई मासिक खर्च ग्रामीण भागात 3,773 व शहरी भागात 6,459 रुपये आला. 2011-12 चे आकडे अनुक्रमे 1,430 व 2,630 होते. पद्धत बदललेली असल्याने दोहोंची थेट वजाबाकी करू नये. चिनी पाहणीत कुटुंबे रोजचा जमाखर्च स्वतः नोंदवतात. तेथे ग्रामीण व शहरी पाहण्या 2013 च्या सुमारास एकत्र आल्या.

चलनाच्या विनिमय दराने तुलना फसवी ठरते, म्हणून क्रयशक्ती समता, म्हणजे त्याच वस्तूंना दोन देशांत किती पैसे पडतात यावरून काढलेला दर, वापरतात. चीनने आंतरराष्ट्रीय किंमत तुलनेत (हा दर काढण्यासाठी अनेक देशांत होणाऱ्या किंमतींच्या पाहणीत) पूर्णपणे भाग प्रथम 2005 च्या फेरीत घेतला. किंमती 11 शहरांतून गोळा झाल्या होत्या. निष्कर्ष आले तेव्हा दोन्ही अर्थव्यवस्थांचे आकारमान आधीच्या अंदाजांहून सुमारे 40 टक्क्यांनी घटलेले दिसले. शहरी भावांमुळे चीनची भावपातळी फुगली, असा आक्षेप घेण्यात आला. 2011 च्या फेरीत चित्र पुष्कळसे पालटले.

भारताचे लेखावर्ष एप्रिल ते मार्च, तर चीनचे जानेवारी ते डिसेंबर असते. भारताच्या खाजगी उपभोगात कुटुंबांसाठी काम करणाऱ्या ना-नफा संस्थांचा खर्चही मोडतो.